बॉस कुणाला म्हणायचं

९ जानेवारी

चि. चिमणीस,

आशीर्वाद. पत्रास कारण एवढंच की माझ्या हातांना आता दुसरं काम उरलेलं नाही. फोन केला असता, पण तुला ठाऊक आहे, लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरशेजारी उभं राहून राहून माझे कान कधीच कामातून गेले. फोनवर समोरचं माणूस मला माशीसारखं गुणगुणताना ऐकू येतं. मला बोलता येतं, ऐकता येत नाही. मुलगा म्हणतो, "आई, तुझं पहिल्यापासूनच तसं होतं." त्याला वाटतं हा विनोद आहे.

मी इथे सुखरूप पोचले. चौथ्या मजल्यावरचं घर आहे, मला स्वतंत्र खोली दिली आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. घरात सगळं माझ्या तंत्राने चाललंय. सूनबाई कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी मला विचारते. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

काळजी मला तुझी आहे. माझ्या जागी तुझं नाव मी सुचवलं तेव्हा मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "ती? ती तर दिवसभर टिवटिव करते," म्हणाला. मी म्हटलं, टिवटिव करते, पण तिच्या हातून एक डागाळलेली चादर पुढे गेलेली मी पाहिली नाही. तेव्हा माझ्या शब्दाची लाज राख. हॉस्पिटलांच्या ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे वेगळेच धुवायचे, कितीही घाई असली तरी. मागच्या बाजूच्या मळक्या ट्रॉल्या मधल्या भिंतीच्या अलीकडे, धुतलेल्या कपड्यांत, येता कामा नयेत. आणि पट्टा घसरायच्या आधी रोलर एक बारीक आवाज काढतो. तो आवाज मला अंगाने कळायचा, तुला कानाने कळेल.

केबिनमध्ये बसायला लागलीस का? की अजून घडीच्या टेबलाशीच उभी असतेस? मी तुला ओळखते म्हणून विचारते.

आणि सगळे बॉस म्हणायला लागले का तुला? नसतील तर घाई करू नकोस. मलाही पहिल्यांदा कपड्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने टिंगल म्हणूनच म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, "आल्या बघा बॉस!" मी तोंड वर करून नुसतं "काय पाहिजे?" असं विचारलं. त्याला काही पाहिजे नव्हतं. तेव्हापासून ती टिंगल राहिली नाही.

सविस्तर लिही. थोडक्यात लिहिलंस तर मी चिडेन.

तुझी बॉस

—

२४ जानेवारी

ती. बॉस यांना,

शिरसाष्टांग नमस्कार, दंडवत आणि एक कडक सलाम. तुम्हाला यातलं जे चालेल ते ठेवून घ्या, बाकीचं परत पाठवा.

रोलर ठीक आहे. दोन नंबरचा ड्रायर अजून विमान उडाल्यासारखा ओरडतो. हिरवे कपडे वेगळेच धुतले जातात, शपथेवर सांगते. केबिनमध्ये बसते. खुर्ची इतकी उंच आहे की पाय जमिनीला लागत नाहीत. त्यामुळे काचेतून बाहेरच्यांना मी वर्गाबाहेर शिक्षेला बसवल्यासारखी दिसत असणार.

बॉस मला कुणी म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, पण तो शब्द इथे कोण कसा वापरतो ते मी आता बघायला लागलेय आणि त्यात मी कुठेच सापडत नाही. ड्रायव्हर सगळ्यांनाच बॉस म्हणतो. परवा गाडीसमोर कुत्रं आडवं झोपलं होतं, त्यालाही म्हणाला, "सरक ना बॉस." मॅनेजर मला बॉस म्हणतो ते फक्त एखादी गोष्ट गळ्यात मारायची असेल तेव्हा. ड्रायर दुरुस्त करून द्या म्हटलं की म्हणतो, "आता तुम्हीच बॉस, बघा कसं करायचं ते." म्हणजे मला विचारू नका. आणि बाकीच्या सगळ्या "बॉस" म्हणतात ते तुम्हाला. "बॉस असत्या तर", "बॉसनी असं कधी केलं नसतं", "बॉसना कळवायला पाहिजे." मला म्हणतात "ऐक ना." तेही पूर्वीइतकं नाही.

जिराफचं सांगते. तुम्ही आम्हा दोघींना घडीच्या टेबलाला जोडीने लावलंत तेव्हा सगळे हसले होते, एक ताडमाड आणि एक वीतभर, चादर धरली की तिरकी व्हायची. पंधरा वर्षं आम्ही ती तिरकी चादर सरळ धरली. त्या पंधरा वर्षांत तिच्या घरातलं भांडण मला माहीत नाही असं एक नाही. आता मी टेबलाजवळ गेले की ती बोलता बोलता थांबते. रागावलेली नाही. नुसती थांबते.

आणि जेवणाच्या सुट्टीत काय होतं सांगू? पूर्वी बाकावर माझ्यासाठी कुणी सरकायचं नाही, मी ढकलाढकली करून बसायचे, कुणाच्या तरी मांडीवर अर्धी. आता मी आले की सगळ्या सरकतात. इतकी जागा करून देतात की तिथे एकटीने बसवत नाही. मी डबा घेऊन केबिनमध्ये येते.

म्हणून विचारते, तुम्ही डबा कुठे खायचात? एवढी वर्षं तुमच्यासमोर काम केलं, पण तुम्हाला जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही.

तुमची
चिमणी (टिवटिव बंद)

—

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

डबा मी कपड्यांच्या कोठीत खायचे. अभ्र्यांच्या रॅकमागे, उभ्याने. हे तुला म्हणून सांगितलं, ड्रायव्हरला कळता कामा नये.

तू बाकावर जाऊ नकोस. त्यांनी सरकून जागा केली म्हणजे त्या तुला बसायला बोलावत नाहीत, तुझ्यापासून लांब होत आहेत. त्यांना तुझ्याबद्दल कुरकुर करायला जागा लागते, ती त्यांना मिळू दे. हसणं कमी कर. एकीला एक आणि दुसरीला दुसरं सांगू नकोस. जिराफला तर मुळीच वेगळं वागवू नकोस, नाहीतर बाकीच्या तुला आणि तिला दोघींना खाऊन टाकतील. सवय होते. सहा महिने जड जातात, मग माणूस विसरतं की काही वेगळंही असू शकतं.

तुझ्या पत्रामुळे मीही कान टवकारून (उरलेत तेवढे) तो शब्द शोधायला लागले. मुलाचे मित्र आले होते. कुणीतरी त्याला सोबत सहलीला यायचा आग्रह केला तर तो म्हणाला, "बॉसला विचारावं लागेल," आणि बायकोकडे पाहिलं. सगळे हसले, सूनबाईही हसली. मी त्याच खोलीत होते. मला गंमत वाटली. नात मोबाईलवर एक खेळ खेळते, त्यात शेवटी एक भलामोठा राक्षस येतो, त्याला बॉस म्हणतात. मी विचारलं, त्याचं पुढे काय होतं? म्हणाली, "त्याला मारलं की गेम संपते, आजी." मी म्हटलं, तो बिचारा तोवर काय करत बसलेला असतो? तर म्हणे वाट बघत असतो.

इथे सगळं उत्तम. परवा चादरींचं कपाट मी पुरं उपसून आपल्या लॉन्ड्रीच्या घडीने लावून दिलं. सूनबाई बघतच राहिली.

तुझी बॉस

—

२० फेब्रुवारी

ती. बॉस यांना,

नमस्कार. आज थट्टा नाही, एक गोष्ट करायची ठरवलीय ती सांगायची आहे.

साबणाच्या पिशव्या मोजायला मी मागच्या बाजूला गेले होते. तुम्हाला हसू येईल, पण इतक्या वर्षांत मी भिंतीपलीकडे फारशी गेलेच नव्हते. आपल्याला काय, मशीनचं पुढचं दार उघडलं की धुतलेल्या चादरी बाहेर. त्या मागच्या दारातून कुणी आणि कशा अवस्थेत आत घातल्या, ते बघायची आपल्यावर वेळ येत नाही. मागची एकटी जेवायला बसली होती, मागच्या दाराबाहेरच्या पायरीवर, ट्रॉल्यांशेजारी. सगळे तिला मागचीच म्हणतात, आपणही म्हणतो, तिला दुसरं काही म्हणतात का तेही मला आठवेना. मी म्हटलं, पुढे बाकावर का येत नाही? तर म्हणाली, "नको गं बाई, माझा वास येतो म्हणतात." मी तिच्याजवळ बसले. साबणाचा वास येत होता, माझ्या अंगाला येतो तोच.

ती कामाला लागली तेव्हापासून तिथेच आहे. रक्ताच्या, ओकारीच्या, काय काय झालेल्या चादरी तीच उचलते. हातांची सालं निघालीत.

तर मी असं ठरवलंय की सगळ्यांनी पाळीपाळीने मागे जायचं. महिन्यात एक आठवडा प्रत्येकीचा. आणि मागचीने पुढे यायचं, चादरी घडी करायला शिकायचं. नियम मोडत नाही, मळकं मागेच राहील, माणसं फक्त बदलतील, रोज कपडे बदलून, हात धुऊन.

हे सांगितल्यावर काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच. दोघी रडल्या. जिराफ म्हणाली, "तू केबिनमध्ये बसणार आणि आम्ही घाण उपसणार, छान आहे." सगळ्यांसमोर म्हणाली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या पाळीपासून सुरू करणार आहे. तुम्ही असतात तर एका नजरेत सगळं झालं असतं.

तुमची
चिमणी

—

४ मार्च

बाई,

तुम्ही फोन केलात तेव्हा मी भिंतीतल्या दाराशी उभी होते, हातमोजे वाटायला. सात जणी समोर होत्या. कुणी हातमोजे घेतले नव्हते, पण कुणी घरीही गेलं नव्हतं. मला वाटतं आणखी थोडा वेळ मी तशीच उभी राहिले असते तर एखादीने हात पुढे केला असता. ते आता कधीच कळणार नाही.

मागचीही आली होती, दाराच्या पलीकडे. तिने घरून पांढरा एप्रन धुऊन, इस्त्री करून आणून घातला होता. पुढच्या बाजूला कामाला येणार म्हणून.

केबिनमधला फोन जिराफने उचलला आणि तुमचा आवाज ऐकून स्पीकर लावला. तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे, पण इथे ते कसं ऐकू आलं ते सांगते. "ऐका सगळ्यांनी. चिमणी नवीन आहे, तिला छळू नका. कुणी मागेबिगे जायचं नाही, जी जिथे होती तिथेच राहील, वाद बंद. मी सांगतेय." मी धावत आले. मी फोनमध्ये ओरडत होते, "बॉस थांबा, असं नाही, माझं ऐका." तुमच्या कानाशी मी किंचाळत होते आणि तुम्ही आपल्या बोलत होतात. मग म्हणालात, "शाब्बास. लागा कामाला." आणि ठेवून दिलात.

सगळ्या कामाला लागल्या. मला कुणी हसलंसुद्धा नाही. एकजण नुसती म्हणाली, "बॉस बोलल्या ना, झालं मग." मागचीने एप्रन काढून घडी केला, काखेत धरला आणि भिंतीपलीकडे गेली. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत, हे मला कळतं. म्हणून तर जास्त राग येतो.

आता हे निस्तरायला पुन्हा फोन करू नका. तुम्ही सांगाल चिमणीचं ऐका, आणि त्या ऐकतील, पण तुमचंच ऐकतील. काही दिवस पत्रही नको.

चिमणी

—

१२ मार्च

चिमणी,

पत्र नको म्हणालीस तरी लिहिते आहे. हे एवढंच. नंतर तुझं आल्याशिवाय लिहिणार नाही.

तू लिहिलं होतंस, तुम्ही असतात तर एका नजरेत झालं असतं. मी ते वाक्य धरून बसले. मला वाटलं पोरगी कोंडीत सापडलीय, तोंडाने मदत मागत नाही. त्या सोमवारी मी लवकर उठून, आवरून, फोनजवळ जाऊन बसले होते. सात वाजेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. फोन ठेवल्यावर दिवसभर इतकी खुशीत होते की सूनबाईला म्हटलं, बघ, अजून माझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही. ती म्हणाली, "हो आई," आणि मला खुर्ची दिली.

तुला खोटं लिहिलं होतं, आता खरं सांगून टाकते. इथे माझ्या तंत्राने काहीही चालत नाही. कुणी वाईट वागत नाही गं, उलट फार जपतात. भाजी निवडायला घेतली की "आई, तुम्ही बसा." कपडे वाळत घालायला गेले की "आई, तुम्ही बसा ना." सकाळपासून मी बसते. चादरींचं ते कपाट मी लावलं होतं ना, दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळं पहिल्यासारखं. तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही, गुपचूप पुन्हा तिच्या घडीने लावून टाकलं. माझं चुकलं असं ती म्हणाली असती तर मी भांडले तरी असते.

तिथे कोठीत एकटी जेवायचे, पण भिंतीपलीकडे वीस माणसं माझ्या शब्दावर हलत होती. त्यामुळे एकटं वाटत नव्हतं, किंवा वाटतंय ते कळत नव्हतं. इथे फार एकटं वाटतं. तुझ्या पत्राची वाट बघते, असं लिहिणार नव्हते. लिहिलं.

— 

६ जुलै

प्रिय बॉस,

चार महिने लिहिलं नाही. रोज मनात लिहीत होते, त्यातली अर्धी भांडणं होती. आता भांडण संपलंय आणि तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

आधी झालेलं सांगते. त्या सोमवारनंतर आठवडाभर मी केबिनमध्ये तोंड लपवून बसले. मग एका सकाळी उठले, हातमोजे घातले आणि स्वतःच मागे गेले. मागचीला म्हटलं, तो एप्रन घाल आणि जा पुढे. ती जाईना. मी तिला जवळजवळ ढकललं. टेबलाला जिराफसमोर कुणी नव्हतंच, माझी जागा तशीच रिकामी होती. तिथे तिला उभं केलं आणि परत मागे गेले.

मागचीला घडी घालता येत नाही, बॉस. अजूनही नाही येत. कोपऱ्याला कोपरा लागतच नाही. जिराफ पहिल्या दिवशी तिच्यावर इतकी खेकसली की मशीनपलीकडे मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीही. पुढे कधीतरी खेकसणं थांबलं, आणि एक दिवस मी त्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून उभी असताना पलीकडून दोघींचं हसणं आलं. जिराफ तशी नाकातून हसते तेव्हा तिला खरंच हसू आलेलं असतं. मला बरं वाटलं आणि रडूही आलं. मला कुणी पाहत नव्हतं, म्हणून रडून घेतलं.

महिन्याभराने एकजण आपणहून मागे आली, म्हणाली, "सरक, तुझी कंबर गेली असेल." मग दुसरी. आता पाळी ठरलीय, फळ्यावर लिहिलेली असते, कुणी कुरकुर करत नाही. बाकावर मागचीला जागा असते. ढकलाढकली करून देतात.

आता खरं दुखणं. दोन हॉस्पिटलांनी आपलं काम काढून घेतलं. मॅनेजर म्हणाला, "वरून आलंय, एक माणूस कमी करायचं. घडीच्या टेबलाला दोघी जास्त होतात, त्यातली एक. कोण ते तुम्ही ठरवा, तुम्ही बॉस." त्या दोघी म्हणजे जिराफ आणि मागची.

पूर्वी मागचीला कुणी हात लावला नसता. मागचं काम दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं आणि कुणाला ते नकोच होतं. मी सगळ्यांना ते शिकवलं, आणि त्यामुळे आज ती नसली तरी चालेल अशी झाली. हे माझ्याच हाताने झालं. कामात जिराफ कितीतरी सरस आहे. तिला कुठल्याही हॉटेलच्या लॉन्ड्रीत उद्या घेतील. मागचीचे हात बघून तिला दारातूनच परत पाठवतील. हे सगळं मला दिसतं, आणि तरी मला जिराफ हवी आहे. या लॉन्ड्रीत एकेकाळी माझी कुणीतरी होती, तर ती होती.

तुम्ही मला एक नाव लिहून पाठवा. कारण नको, उपदेश नको, नुसतं नाव. मी तसं करीन, आणि स्वतःला सांगेन की बॉसनी सांगितलं. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची
चिमणी

—

१५ जुलै

प्रिय चिमणी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खिडकीत बसले होते. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि चष्मा शोधायच्या आधीच ते फोडलं. तू ज्या संकटात आहेस ते वाचूनसुद्धा मला आधी आनंदच झाला, हे तुला सांगून टाकते. कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं.

नाव मला लगेच सुचलं. विचारही करावा लागला नाही. कागदावर लिहिलं, पाकीट चिकटवलं, सूनबाई बाहेर निघाली होती तिच्या हातात दिलं. ती लिफ्टपाशी पोचली असेल, मी अनवाणी मागे गेले आणि ते परत घेतलं. ती घाबरली. म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पत्ता चुकला. मग घरात येऊन पाकीट फाडलं, चांगले बारीक तुकडे केले.

मॅनेजर म्हणतो वरून आलंय. त्याच्या वरचा म्हणत असेल त्याच्या वरून आलंय. आता तू म्हणणार बॉसनी सांगितलं. मग त्या बाईला घरी पाठवलं कुणी? कुणीच नाही. ती दारात उभी राहून कुणाचं तोंड बघेल? कुणावर चिडायचं, एवढं तरी तिला मिळायला नको का?

तुम्ही दोघांनी मिळून मला त्या शब्दाचे एवढे प्रकार शोधायला लावले, तू आणि तुझा तो ड्रायव्हर. सगळे खरे असतील. पण माझ्यापुरतं विचारशील तर बॉस म्हणजे एवढंच: बोट दाखवायला जिच्या मागे कुणी उभं नसतं ती. मी तिथे होते तेव्हा माझ्या मागे कुणी नव्हतं. आज तुझ्या मागे येऊन उभी राहिले तर तुला हलकं वाटेल, हे मला कळतं. मला तर फारच बरं वाटेल. म्हणूनच येत नाही.

नाव पाठवत नाही. मला पाठवायचं होतं गं, मनापासून.

तू जे करशील ते मला कळव. चूक की बरोबर हे मी सांगणार नाही. वाचेन मात्र.

— 

१ ऑगस्ट

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचून तुमचा इतका राग आला की ते मी चुरगाळून टोपलीत टाकलं. मग पुन्हा काढून सरळ केलं. तसंच केबिनच्या खणात आहे.

मी जिराफचं नाव दिलं.

मॅनेजरने कागद करून कुरिअरने तिच्या घरी पाठवायचं ठरवलं होतं. म्हणाला, असंच करतात, रडारड टळते. मी म्हटलं, आधी मी बोलते. पाळी संपल्यावर सगळ्या गेल्या. ती टेबल पुसत होती. मी तिला म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून तुला काम नाही." किती वेगळं ठरवून गेले होते, पाणी वगैरे देणार होते, तिला आधी बसवणार होते. हेच एक वाक्य तोंडातून निघालं.

ती बराच वेळ पुसतच राहिली, पुसून झालेलीच जागा. मग फडकं ठेवलं, माझ्याजवळ आली, वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी ती माझ्या इतक्या जवळ आली होती. म्हणाली, "वरून आलं असेल. तुझा काय इलाज त्याला? नको मनाला लावून घेऊ, चिमणे."

बाई, मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. ती माझ्या गळ्यात पडून रडली असती, मीही रडले असते, आणि रविवारी एकमेकींच्या घरी गेलो असतो. तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं.

मी म्हटलं, "नाही. वरून 'एक कमी' एवढंच आलं. नाव मी दिलं. तुला दुसरीकडे काम मिळेल, तिला नाही मिळणार, म्हणून तुझं दिलं."

तिने हात काढून घेतला. झटकून नाही, हळूच. मग माझ्याकडे अशी बघत राहिली जशी नवीन माणसाकडे आपण बघतो. "तिला धड घडी घालता येत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "माहितीय." ती म्हणाली, "मग मी शिकवली कशाला तिला?" तिने आपली पिशवी घेतली आणि गेली. उरलेले दिवस कामाला आली, चोख काम केलं, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काल तिचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांना भेटली. केबिनकडे आली नाही.

मी चुकले का, हे तुम्हाला विचारायचं नाही असं ठरलंय, म्हणून विचारत नाही. पण विचारावंसं फार वाटतं.

आज सकाळी मी टेबलाशी उभी होते, आता तिथे कुणाला लावायचं याचा विचार करत. रोलर तापला होता. सगळ्या आपापल्या जागी थांबल्या होत्या. तेवढ्यात मागचीने चादरीचं टोक हातात घेऊन माझ्या पाठीमागून विचारलं, "बॉस, सुरू करू का?"

मी वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तुम्ही आलात.

चिमणी